ठाणेदाराला पोळ्याची सुट्टी

आमच्या घरी बैल नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. गावात मात्र लोक सांगत फिरतात की तो माझ्या तोंडामुळे झाला. लोकांना काय, दुसऱ्याचं तोंड तेवढं दिसतं.

मी लक्ष्मणराव. एस.टी.त कंडक्टर होतो. तळेगाव ते आर्वी, आर्वी ते वर्धा अशी उभी जिंदगी घंटीची दोरी ओढण्यात आणि लोकांना मागे सरकवण्यात गेली. आता रिटायर आहे. शेत मक्त्याने दिलं, बैलजोडी विकली आणि तळेगावच्या अगदी कडेला, जिथे गाव संपून झुडपी जंगल लागतं, तिथल्या घरात आम्ही दोघंच राहतो. घराच्या मागे आनंदाबाईची वाडी आहे. वाडी म्हणजे आमच्याकडे भाजीपाल्याचा कुंपण घातलेला तुकडा, आणि आनंदाबाई म्हणजे माझी बायको. वाडी तिची, घरही तिचंच. ओसरीवरची खुर्ची तेवढी माझी.

यंदा त्या वाडीत तिचा सगळा जीव अडकला होता. कारण महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी.

आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या आजवर थोरल्या भावाकडे, वडनेरला बसत. त्या तिकडे का गेल्या, ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो. आनंदाबाई नवी नवरी होती तेव्हा तिने लावलेली तुळस वाळली. मग वाल पेरला, तो उगवला नाही. माझी आई तापट बाई होती. तिने चार बायकांसमोर म्हणून टाकलं, "हिच्या हाताले उगवन नाई." आणि मुखवटे उचलून थोरल्या सुनेच्या, प्रमिलाबाईच्या ओटीत घातले. पुढे आई गेली, भाऊही गेला, पण ते वाक्य काही गेलं नाही. आनंदाबाई कोथिंबीर पेरताना ते वाक्य तोंडातल्या तोंडात पुटपुटते, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

यंदा प्रमिलाबाईचे गुडघे गेले. तिने मुखवटे आमच्याकडे पाठवले आणि मागून फोन केला.

"सोळा भाज्या लागतात, आनंदा. अन् घरच्याच पाह्यजे. आमच्या घरी बजाराची एक बी कधी आली नाई."

"माह्या वाडीत हायेत, जाऊबाई. सोळाच्या सोळा."

"मी येईनच पाह्याले."

"या ना. एक बी बजाराची निंघाली तं मुखोटे परत घेऊन जाजा."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "हे काऊन म्हनलं तू? कोनी इचारलं होतं?"

"काऊन? तुमाले बी वाटते काय, माह्या हाताले उगवन नाई मनून?"

मी ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसलो. कोणत्या प्रवाशाशी वाद घालायचा नाही, हे कंडक्टरला चेहऱ्यावरून कळतं.

आता जंगलाला लागून वाडी असली की खाणारे काय कमी. रानडुक्कर येतं, रोही म्हणजे नीलगाय, ती येते, ससे येतात. यांचं एक वेळ भागवता येतं. पण वानरांचं काय करणार? वानर म्हणजे मारोतीराया. त्याला दगड मारायचा तर आधी हात जोडावे लागतात, आणि हात जोडेपर्यंत तो वांगं घेऊन कडुलिंबावर गेलेला असतो. म्हणून वाडीच्या राखणीसाठी आनंदाबाईने स्टाफ ठेवला होता.

स्टाफमध्ये सगळ्यात वरच्या हुद्द्यावर ठाणेदार. ठाणेदार हा आमचा कुत्रा. रंग मातकट, एक कान कायमचा मोडलेला. रोज सकाळी आनंदाबाई त्याला कुंपणाच्या कडेकडेने फिरवायची आणि तो प्रत्येक खुंटावर पाय वर करून सही करायचा. कुत्र्याचा वास आला की डुक्कर आत येत नाही, असं तिचं म्हणणं. आणि बोलून काय फायदा, खरंच येत नव्हतं. उन्हाळ्यात त्याचे केस विंचरून तिने जुन्या लुगड्याच्या पुरचुंड्या केल्या आणि कुंपणाला टांगल्या. ससे तिथपर्यंत यायचे, नाक हलवायचे आणि परत जायचे.

फक्त कोपऱ्यातल्या एका खुंटावर ठाणेदार कधीच सही करत नसे. का ते त्यालाच ठाऊक. तिथे काटवलाचा, म्हणजे करटोल्याचा, एक वेल आपोआप उगवला होता. ठाणेदार तिथे थांबायचा, वेलाकडे पाहायचा आणि पुढे जायचा.

"तो एक खुंट कोरडाच राह्यते," आनंदाबाई एकदा म्हणाली आणि माझ्याकडे पाहू लागली.

"मले काहाले पाहून राह्यली?"

"काई नाई. वास तं कोनाचा बी चालते, असं आयकलं होतं."

"मी रिटायर मानूस हाय," मी म्हणालो आणि विषय तिथेच तोडला.

ठाणेदाराच्या खालोखाल गंगा, आमची मांजर. उंदीर, घूस आणि खारी हे तिचं खातं. तिच्या झोपायच्या गोणपाटाचे तुकडे करून आनंदाबाईने वालाच्या मांडवाखाली टाकले होते. त्या वासाने खारी वरच्या वर पळायच्या. आणि तिसरा सरपंच, म्हणजे कोंबडा. तो दोडक्याच्या मांडवावर बसून असायचा. काम काहीच करायचा नाही, पण कोणी आलं की पहिली बोंब त्याची. सरपंच ओरडला की ठाणेदार धावायचा आणि वानरांची टोळी कडुलिंबावर चढून बसायची. टोळीचा म्होरक्या, ज्याला आमच्याकडे हुप्प्या म्हणतात, तो सगळ्यात वरच्या फांदीवरून ठाणेदाराकडे पाहत राहायचा. ठाणेदार खालून भुंकायचा. दुपारी दोघंही थकून झोपायचे. अशा रीतीने वाडी वाचत होती. वाल लागला होता, दोडकी लोंबत होती, कोहळ्याचा वेल माझ्या खुर्चीपर्यंत आला होता. आनंदाबाई रोज बोटं मोडून भाज्या मोजायची आणि सोळा झाल्या की हसायची. मला ते हसणं आवडायचं. म्हातारपणी बायको हसताना दिसली की बरं वाटतं.

मग पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलाची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप लावायचं, पळसाच्या पानाने चोळायचं, आणि घरधन्याने त्याच्या कानाशी जाऊन म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. एवढं म्हटलं की दुसरा दिवस बैलाचा. त्या दिवशी तो पाहुणा. त्याला कामाला जुंपायचं नाही, त्याच्यावर काठी उगारायची नाही. आमच्या गावात भावाभावांत मारामाऱ्या होतात, पण हा नियम कोणी मोडत नाही.

आमच्या घरी बैल नाही, म्हणून मी खुर्चीत बसून शेजारच्या रत्नदीपची खांदेमळणी पाहत होतो. पोरगा चांगला आहे, फक्त त्याला सगळ्यांच्या घरचं बोलायला हवं असतं. तेवढ्यात आनंदाबाई आतून वाटीत हळद-तूप घेऊन आली.

"उठा."

"काहाले?"

"आवतन द्याले. आपल्या घरी बी कामाचे जनावरं हायेत."

"अवं, ते कुत्रं-मांजर होय!"

"मंग? बैलाचं काम वर्षभर कोनं केलं? तुमी?"

मी म्हणालो, "तूच दे मंग." तर म्हणे आवतन घरधनीच देतो. वर्षभर मला घरधनी कोणी म्हणत नाही. असल्या कामाच्या वेळीच बरोबर आठवण होते.

आम्ही वाडीत गेलो. ठाणेदाराच्या खांद्याला मी तूप लावलं. तो वळून वळून तूप चाटू लागला, म्हणजे मी एकीकडून लावतो आहे आणि तो दुसरीकडून साफ करतो आहे. मग सरपंच. त्याला आनंदाबाईने बगलेत धरलं.

"याचे खांदे कुठी असतात?" मी विचारलं.

"पंखं जिथून फुटतात तिथी."

"ते बगल होय."

"मानसाची बगल. कोंबड्याचा खांदा."

रत्नदीप कुंपणाला टेकून हे सगळं पाहत होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे घरोघरी मटण-कोंबडी शिजते. तो म्हणाला, "काका, सरपंचाले नुसतं जेवाले या मनू नका. कधी या, ते बी सांगा. नाईतं परवा येईन अन् स्वतःच ताटात बसंन."

मला आधीच राग येत होता. त्यात गंगेच्या खांद्याला हात लावला तर तिने मनगटापासून कोपरापर्यंत नखं ओढली. माझं डोकं फिरलं. मी वाटी खाली आदळली, दोन्ही हात वर केले आणि एस.टी. स्टँडवरच्या आवाजात ओरडलो, "घ्या बाप्पा, आवतन घ्या! आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

इथवर ठीक होतं. पण तीस-पस्तीस वर्षांची सवय. एकदा मी वरच्या पट्टीत गेलो की पुढचं आपोआप येतं.

"या, या, सर्वेजन या! मांगं जागा हाय!"

माझे हात वर होते आणि तोंडही वरच होतं. वर कडुलिंब होता. कडुलिंबावर अख्खी टोळी बसली होती. हुप्प्याने मान तिरकी केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हुप्."

ठाणेदाराने चाटणं थांबवलं.

"काका," रत्नदीप हळूच म्हणाला, "त्यानं आवतन घेतलं."

"काई घेतलं नाई. तो वांदर होय. त्याले मराठी समजते काय?"

आनंदाबाई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा उतरला होता. "मंग ठाणेदाराले समजते काय? त्याले देल्लं ते आवतन, अन् वांदराले देल्लं ते नाई, असं कसं होईन?"

मी चौकात पानठेल्यावर गेलो. म्हटलं कोणीतरी शहाणा माणूस भेटेल. कसला भेटतो. बातमी माझ्याआधी पोचली होती. सगळे गंभीरपणे माना हलवत होते. एकाचं म्हणणं, कडुलिंब पंचायतीच्या जागेत आहे, त्यामुळे आवतन लागू होत नाही. दुसरा म्हणाला, आवतन ज्याला ऐकू गेलं त्याला लागू होतं, आणि लक्ष्मणरावचं तर कारंज्यापर्यंत ऐकू गेलं असेल. पण दिलेलं आवतन परत घेता येतं, असं एकही जण म्हणाला नाही. मी घरी आलो तेव्हा आनंदाबाई हरभऱ्याची आणखी डाळ भिजत घालत होती.

"पोटं भरले तं वाडीत नाई जानार," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे, डाळीशी.

पोळ्याच्या दिवशी तिने ठाणेदाराच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, गंगेला कुंकू लावलं, सरपंचाच्या तुऱ्याला बेगड चिकटवली. गावात तोरणाखाली बैल उभे होते, हर हर महादेव ऐकू येत होतं. आमच्या अंगणात पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. पुरणपोळी, कढी, वडे, भजे. ठाणेदार पहिल्या पत्रावळीवर बसला. आनंदाबाईने पदर डोक्यावर घेऊन सगळ्यांना ओवाळलं, आणि ती मागे वळते तर टोळी आली होती.

आली म्हणजे कशी, रीतसर आली. एरवी उड्या मारत पत्र्यावरून येतात. त्या दिवशी भिंतीवरून एकेक करून खाली उतरली आणि अंगणात ओळीने बसली. पिल्लं आयांच्या पोटाशी. हुप्प्या सगळ्यात शेवटी, मागे. मागे जागा आहे, असं मीच म्हणालो होतो.

आनंदाबाईने वाढलं. मी वाढू लागलो तर माझ्या हातून घेईनात, म्हणून तिनेच वाढलं. "पोटभर जेवा," ती प्रत्येकाला सांगत होती, "पन वाडीत पाय ठेवू नका, बाप्पा. माह्या घरी महालक्ष्म्या हायेत." वानरं पुरणपोळी दोन्ही हातांनी धरून खात होती. ठाणेदाराचं पोट इतकं भरलं की तो जागेवरच कलंडला.

जेवणं झाली. हुप्प्या उठला, त्याने हात चाटले आणि तो सरळ वाडीकडे निघाला. जेवणानंतर आपण नाही का काहीतरी हिरवं चघळत, तसं असावं. मागून सगळी पंगत.

सरपंच ओरडला. ठाणेदाराने एक कान वर केला. मोडका कान. मी ओरडलो, "ठाणेदार, छू!" आनंदाबाईने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"पोळ्याच्या दिवशी बैलाले कामाले लावता?"

"अवं, तो कुत्रा हाय!"

"काल तुमीच त्याच्या खांद्याले तूप लावलं."

मी कोपऱ्यातली काठी उचलली. ती रडवेली होऊन म्हणाली, "आवतन देऊन काठी उगारता?" मी काठी ठेवली. तिला वाडी वाचवायची होती आणि वाडी वाचवणारी एकही गोष्ट ती मला करू देत नव्हती. शेवटी मी ठाणेदारासमोर उकिडवा बसलो. हुकूम द्यायचा नाही, मान्य. विनंती करायला काय हरकत आहे?

"सायेब," मी म्हणालो, "सुट्टी हाय, मले मालूम हाय. पन तुमच्या मनानं, खुशीनं, जमत असंन तं..."

ठाणेदार उठला. त्याने अंग ताणलं, माळ झटकली आणि वाडीकडे चालू लागला. तो मांडवाखाली गेला, जिथे हुप्प्या बसून दोडकं खात होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ठाणेदार त्याच्या शेजारी सावलीत आडवा झाला आणि झोपला. एका पंगतीला जेवलेल्यावर कसं भुंकणार?

दुपार कलायच्या आत वाडी संपली. वाल गेला, दोडकी गेली, कोहळी फोडून गर खाल्ला, वांगी एकेक चावा घेऊन टाकली. पाला ओरबाडला. मांडवाच्या नुसत्या दोऱ्या राहिल्या. मग टोळी ज्या भिंतीवरून आली त्याच भिंतीवरून ओळीने परत गेली. हुप्प्या जाताना माझ्याकडे पाहून म्हणाला, "हुप्." पोटभर जेवलेला पाहुणा बोलतो तसं.

आनंदाबाई मागच्या दाराच्या पायरीवर बसली आणि रडली. "आत्याबाई खरंच मनत होत्या," ती म्हणाली. आत्याबाई म्हणजे माझी आई, तिची सासू. "माह्या हाताचं काई राह्यतच नाई." मी शेजारी बसलो. उभी नोकरी लोकांना मागे सरका म्हणत काढली आणि आयुष्यात एकदा मागे जागा आहे म्हणालो, तर हे झालं. मला फार वाईट वाटत होतं.

"मी गुपचूप आर्वीच्या बजारातून आनतो," मी शेवटी म्हणालो. "माती लावून देतो वरून. देवीले काय समजते?"

"देवीले समजन. अन् देवीच्या आधी जाऊबाईले समजन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणेदार ड्यूटीवर हजर. गळ्यात सुकलेली माळ, आणि असा आवेश की विचारू नका. रिकाम्या मांडवाभोवती पळतो आहे, कडुलिंबाकडे पाहून भुंकतो आहे. वाडी भरलेली असताना त्याने कधी एवढी राखण केली नव्हती. वानरं तर फिरकतही नव्हती. ओरबाडलेल्या वाडीत यायचं कशाला? आनंदाबाईने वाडीकडे पाहणंच सोडलं. पाऊस रोज थोडा थोडा पडत होता. ती मुखवटे पुसायची, पुन्हा फडक्यात गुंडाळायची. परत द्यायच्या वस्तू आपण अशाच पुसतो.

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळीच प्रमिलाबाई वडनेरहून आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात रिकामी पिशवी. पिशवी मुखवट्यांच्या मापाची होती. पाणी घेतलं नाही, टेकली नाही. "वाडी कुठी हाय?" म्हणाली आणि गुडघे धरत मागे गेली. आम्ही दोघं मागोमाग.

प्रमिलाबाई वाडीच्या मधोमध उभी राहिली. तुटलेला मांडव पाहिला, फोडलेली कोहळी पाहिली.

"कोनं खाल्लं?"

"वांदरायनं," आनंदाबाई खाली पाहून म्हणाली.

"सर्वं?"

"सर्वं."

"कितीक वांदरं होते?"

"अंगन भरलं होतं," मी मध्ये पडलो. "वहिनी, चूक माही हाय, मीच..."

"तुमी चूप राहा, भाऊजी." ती काठीने मातीतलं एक चावलेलं वांगं उलटं करून पाहू लागली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "माह्या वाडीत कधी एक वांदर आलं नाई, आनंदा."

तिने काठीचं टोक फोडलेल्या कोहळ्यावर ठेवलं.

"वडनेरच्या सर्व्या वाड्यायमंदी येतात. माह्या वाडीच्या भितीवर बसतात, खाली पाह्यतात अन् पुढं निंघून जातात. डुक्कर बी नाई येत. मी बी राखनीले कुत्रा पाळला होता. त्याले कामच नाई. बसून बसून मरून गेला बिचारा." तिने डोळ्याला पदर लावला. "अन् इथी पाहा. काई ठेवलं नाई मेल्यायनं. डेठं बी खाल्ले. हाताले उगवन नसती तं खाल्लं काय असतं त्यायनं? आत्याबाईच्या टायमाले वांदरं नोते, मनून त्या तशा बोलल्या."

आनंदाबाई आता वर पाहत होती. आणि वर पाहताना तिला ते दिसलं, जे आठवडाभर आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं, कारण पाहायचंच नाही असं ठरवलं होतं. ओरबाडलेल्या प्रत्येक वेलाला, प्रत्येक बुंध्याला नवे कोंब फुटले होते. कोहळ्याला कोवळा पाला, वालाला शेंडे, चवळीला शेंडे. अंबाडी तर खुडल्यामुळे आणखी फुटली होती. मातीतले मुळे तसेच होते, रताळी तशीच होती.

"पाला बी भाजीच होय ना, जाऊबाई?"

"मंग काय होय?" प्रमिलाबाई म्हणाली आणि मुखवट्यांची पिशवी आनंदाबाईपुढे पसरली. "टाक याच्यात."

दोघी वाकून खुडू लागल्या. एकीचे गुडघे गेलेले, दुसरीची कंबर, पण आवाज पोरींसारखे. कुंपणावरच्या वेलांकडे गेल्या तेव्हा नेमका ठाणेदार आला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चवळीच्या खुंटावर सही करून गेला.

"अगं बाई! हा सर्व्याच खुंटांवर करते काय?"

"रोज," आनंदाबाईने कबूल केलं. कुंपणावरचं सगळं बाद झालं. पिशवीतलं ओट्यावर ओतून दोघींनी मोजलं. पंधरा. पुन्हा मोजलं. पंधराच.

आनंदाबाई माझ्याकडे पाहू लागली, आणि या खेपेला मला समजलं ती का पाहते आहे. मी पळतच कोपऱ्यातल्या खुंटाशी गेलो. काटवलाचा वेल गर्द पसरला होता. पानाआड काटवलं लागली होती, हिरवी, वानरांच्या नजरेतून सुटलेली.

"वहिनी," मी म्हणालो, "या खुंटाले ठाणेदारानं आजवर पाय लावला नाई. देवीची आन."

प्रमिलाबाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अन् तुमी?"

"मी तं रिटायर मानूस हाय!"

सोळा झाल्या. संध्याकाळी महालक्ष्म्या बसल्या. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्यांचा नैवेद्य दाखवला, आणि ती भाजी प्रमिलाबाईने दोनदा मागून घेतली. वडनेरला परत जाताना तिची पिशवी रिकामीच होती. दारात ती थांबली, गल्लीत कोणी नाही असं पाहिलं आणि मला म्हणाली, "भाऊजी, पुढच्या पोळ्याले आवतन द्यान ना, तवा वडनेरचं बी नाव घेजा. जरा जोरानं."

ती गेल्यावर आनंदाबाई वाडीत कोथिंबीर पेरायला बसली. मी कान देऊन ऐकत होतो. ती काही पुटपुटली नाही. वर कडुलिंबाचा पाला हलला आणि हुप्प्याचं काळं तोंड बाहेर आलं. सरपंच ओरडला, ठाणेदार धावला, मी दगड शोधू लागलो.

"राहू द्या," आनंदाबाई मातीतून हात न काढता म्हणाली. "उगवते मनून पाहून राह्यला. पाहू द्या त्याले."